‘वन्स मोअर’ आणि ‘पुढे काय?’ : किशोरप्रेमाच्या संगीतपटांचे उत्तरभाग

१

लोकप्रिय चित्रपटाचा उत्तरभाग पहिल्या भागाच्या मानाने फिका पडतो, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याच्या कारणमीमांसेची गरज सहसा कोणाला भासत नाही. निर्मात्याचा लोभ, दिग्दर्शकाची थकलेली कल्पकता, बदललेले कलावंत, प्रेक्षकांच्या वाढलेल्या अपेक्षा ही कारणे नेहमी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. परंतु ती सर्व प्रकारच्या उत्तरभागांना सारखीच लागू पडत असल्यामुळे कोणत्याही एका प्रकाराविषयी फारसे काही सांगत नाहीत. गुप्तहेराची एक मोहीम संपल्यावर दुसरी सुरू होऊ शकते. विनोदी जोडगोळी एका अडचणीतून सुटून दुसरीत सापडू शकते. किशोरवयीन प्रेमाच्या, गाण्यांवर उभ्या राहिलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग मात्र बहुधा निराशाच पदरी टाकतो. ही निराशा अपघाती आहे की त्या चित्रपटप्रकाराच्या घडणीतच तिचे मूळ आहे, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रवी जाधव दिग्दर्शित ‘टाइमपास’ (२०१४), ‘टाइमपास २’ (२०१५) आणि ‘टाइमपास ३’ (२०२२) ही मालिका. पहिला भाग त्या काळातील सर्वाधिक चाललेल्या मराठी चित्रपटांपैकी एक होता. उत्तरभागांनाही प्रेक्षक मिळाले नाहीत असे नाही. म्हणून येथे ‘निराशा’ हा शब्द तिकीटखिडकीच्या अर्थाने योजलेला नसून तो आस्वादप्रक्रियेतील एका विशिष्ट अनुभवाचे नाव म्हणून वापरला आहे. प्रेक्षक जे मागतो ते त्याला दिले जाते, तरीही आपण हे मागितले नव्हते असे त्याला वाटते, तो हा अनुभव होय.

या अनुभवाचे मूळ दोन मागण्यांच्या गल्लतीत आहे. संगीतपटाच्या प्रेक्षकाची मागणी ‘वन्स मोअर’ची असते, उत्तरभाग तिचा अर्थ ‘पुढे काय?’ असा लावतो. पहिली मागणी पुनरावृत्तीची आहे, दुसरी अनुक्रमाची. विषय पुन्हा न येणाऱ्या वयाचा असतो तेव्हा या गल्लतीचे परिणाम केवळ कलात्मक राहत नाहीत, हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातून या चित्रपटांकडे पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. त्या मुद्द्याकडे जाण्यापूर्वी या प्रकाराचा रूपबंध तपासणे आवश्यक आहे.

२

‘वन्स मोअर’ हा शब्द इंग्रजी असला तरी त्यामागील रसिकव्यवहार मराठी संगीत रंगभूमीने आपल्या पद्धतीने घडविला. पद संपताच प्रेक्षागृहातून मागणी येते आणि नट तेच पद पुन्हा गातो. या क्षणी कथानकाचा काळ थांबतो. सुभद्रा पुन्हा तोच विरह गाते. तिच्या स्थितीत दरम्यान काहीही बदललेले नसते, आणि तरीही दुसऱ्यांदा गायिलेले पद पहिल्याहून वेगळे असते. प्रेक्षकाला नवी माहिती नको असते. जे कळलेले आहे तेच त्याला अधिक सघनपणे भोगावयाचे असते. बालगंधर्वांच्या काळात नाटके पहाटेपर्यंत लांबत, त्याचे एक कारण हा व्यवहार होता. रवी जाधव यांनी ‘टाइमपास’पूर्वी ‘बालगंधर्व’ (२०११) हा चित्रपट केला होता. त्यामुळे संगीत नाटकाच्या या परंपरेशी त्यांचा परिचय होता, हे येथे नोंदवून ठेवावयास हरकत नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या नाटकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अर्जुन-सुभद्रेचे मीलन झाले की नाटक संपते. पुढे काय घडणार हे प्रत्येक प्रेक्षकाला पुराणकथेमुळे ठाऊक असते : सुभद्रेच्या पोटी अभिमन्यू येणार आणि तो चक्रव्यूहात मारला जाणार. उत्तरभागाची एवढी तयार सामग्री हाताशी असूनही ‘सौभद्र’च्या रसिकाने ती कधी मागितली नाही. शतकाहून अधिक काळ त्याने मागितला तो पुढचा प्रयोग. ‘प्रयोग’ ही संज्ञाच येथे महत्त्वाची ठरते, कारण तीच कथा, तीच पदे आणि बदललेला गायक-नट यांतून रसिकाची पुनरावृत्तीची भूक भागत असे. नट बदलले तरी रसभंग होत नसे. प्रत्येक नव्या सुभद्रेने तेच पद नव्याने गावयाचे असे. चित्रपटाला प्रयोग नसतो. एकदा मुद्रित झालेली फीत बदलत नाही. प्रेक्षकाच्या ‘पुन्हा’ या मागणीला चित्रपटव्यवसायाजवळ नाटकासारखे उत्तर नसल्यामुळे तो उत्तरभाग पुढे करतो.

रिचर्ड डायर यांनी ‘एन्टरटेन्मेंट अँड युटोपिया’ (१९७७) या निबंधात संगीतपटाविषयी एक मूलभूत निरीक्षण नोंदविले आहे. आदर्श जगाची व्यवस्था कशी असेल हे संगीतपट सांगत नाही. त्या जगात असणे कसे वाटेल याची अनुभूती तो देतो. हे मान्य केल्यास उत्तरभागाची अडचण लगेच ध्यानात येते. अनुभूतीला ‘नंतर’ नसते. ‘पुढे काय?’ हा प्रश्न व्यवस्थेविषयीचा आहे : ती दोघे कोठे राहतील, खर्च कसा चालेल, घरचे काय म्हणतील, मुले कोणत्या जातीची म्हणून ओळखली जातील. गाण्याने ज्या प्रश्नांना क्षणभर स्थगिती दिलेली असते ते सर्व प्रश्न उत्तरभागाच्या दारात उभे असतात. त्यांना सामोरे जावे तर संगीतपट उरत नाही; टाळावे तर कथा पोकळ होते.

३

‘टाइमपास’चा पहिला भाग या स्थगितीवरच उभा आहे. रिक ऑल्टमन यांनी ‘द अमेरिकन फिल्म म्यूझिकल’ (१९८७) या ग्रंथात संगीतपटाच्या द्विकेंद्री रचनेची मांडणी केली आहे. नायक आणि नायिका ही केवळ दोन व्यक्तिमत्त्वे नसून परस्परविरोधी मूल्यांची केंद्रे असतात, आणि गाणी त्यांच्यातील अंतर आळीपाळीने दाखवीत ते मिटवीत नेतात, असा त्या मांडणीचा मथितार्थ. ‘टाइमपास’मध्ये दगडू परब आणि प्राजक्ता लेले ही अशीच दोन केंद्रे आहेत. एकीकडे चाळ, उनाडकी, अभ्यासातील अपयश आणि हिंदी-मराठीची सरमिसळ असलेली बोली; दुसरीकडे ब्राह्मणी मध्यमवर्गीय घर, शिस्त आणि ‘शुद्ध’ मराठी. वैभव मांगले यांनी साकारलेले माधव लेले हे केवळ कडक वडील नाहीत. उच्चार, वळण आणि जात यांच्या एकत्रित व्यवस्थेचे ते राखणदार आहेत. प्राजक्तापर्यंत पोहोचताना दगडूला घराचा उंबरा ओलांडावयाचा आहे, त्याचप्रमाणे भाषेचाही.

हे अंतर गद्य संवाद मिटवू शकत नाहीत, कारण दगडूने तोंड उघडले की त्याची जागा उघडी पडते. ते मिटते चिनार-महेश यांच्या संगीतात. गाण्यात दोघांची बोली एक होते. या ठिकाणी पात्रनिवडीचा एक विशेष निर्णायक ठरतो. प्राजक्ताची भूमिका करणारी केतकी माटेगावकर ही स्वतः गायिका आहे. पार्श्वगायनाच्या संकेतावर उभ्या असलेल्या भारतीय चित्रपटात देह एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो. येथे मात्र संगीत नाटकातल्याप्रमाणे देह आणि आवाज एकाच व्यक्तीचे आहेत. शिवाय मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेल्या चित्रपटात तिनेच शिरोडकरची भूमिका केली होती. त्यामुळे शाळकरी वयातील अव्यक्त, हातातून निसटलेल्या प्रेमाची एक पूर्वस्मृती प्राजक्ताच्या चेहऱ्याबरोबर पडद्यावर येते. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते या चित्रपटाने मुख्यतः आवाज आणि चेहरा यांच्या साह्याने आखले.

मोबाईलपूर्व काळाची निवडही अर्थपूर्ण आहे. चिठ्ठी, निरोप, गॅलरीतून दिसणे, वाटेत ओझरते भेटणे या सर्व क्रियांना विलंब लागतो आणि विलंब ही गाण्याची जागा असते. बाख्तीनच्या परिभाषेत बोलावयाचे तर सुट्टीतील मोकळा, निरुद्योगी वेळ आणि चाळ-गल्लीचा अर्धसार्वजनिक अवकाश यांनी या चित्रपटाचा कालावकाश घडतो. शीर्षकही त्याच वेळेचे नाव आहे. ‘टाइमपास’ म्हणजे ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही असा वेळ. चित्रपटाच्या अखेरीस हा वेळ संपतो, दोघे दुरावतात, आणि ही ताटातूटच त्याला आकार देते. कथा अपुरी राहते. गाण्याने निर्माण केलेला अनुभव मात्र पूर्ण झालेला असतो. उत्तरभागाच्या निर्मात्यांनी कथेचे अपुरेपण हेरले. अनुभवाची ही पूर्णता त्यांच्या ध्यानात आली नाही.

४

किशोरप्रेमाच्या संगीतपटाला उत्तरभाग जोडण्याचे तीन मार्ग व्यवहारात दिसतात. त्यांना प्रतिकृती, विस्तार आणि प्रक्षेप अशी नावे देता येतील.

प्रतिकृतीत जुन्या साच्यात नवी माणसे बसविली जातात. ‘ग्रीस’ (१९७८) या अमेरिकन संगीतपटानंतर आलेला ‘ग्रीस २’ (१९८२) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शाळा तीच, पहिल्या भागात परदेशातून आलेली सालस मुलगी आणि टोळीतला मुलगा होता, दुसऱ्यात परदेशातून आलेला सालस मुलगा आणि टोळीतली मुलगी. पहिल्या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन करणाऱ्या पॅट्रिशिया बर्च यांनीच दुसऱ्याचे दिग्दर्शन केले होते, म्हणजे कारागिरीची ओळख पुरेशी होती. तरीही दुसऱ्या भागाला पहिल्याची जागा घेता आली नाही. हिंदीतील ‘स्टुडंट ऑफ द इयर’ (२०१२) आणि त्याचा दुसरा भाग (२०१९) यांचे नाते याच जातीचे आहे. प्रतिकृतीला साच्याची पुनरावृत्ती साधते. प्रेक्षकाला मात्र विशिष्ट आवाजांची आणि विशिष्ट चेहऱ्यांची पुनरावृत्ती हवी असते. ‘वन्स मोअर’ त्या पदाला दिलेला असतो, पदरचनेच्या नियमांना दिलेला नसतो.

‘टाइमपास २’ हे विस्ताराचे उदाहरण आहे. मधली वर्षे ओलांडून कथा पुढे जाते. प्रथमेश परबच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि केतकी माटेगावकरच्या जागी प्रिया बापट येतात. प्रियदर्शन जाधव हे पहिल्या भागाच्या लेखनातही सहभागी होते. म्हणजे ज्या लेखणीने दगडूची बोली घडविली ती आता त्याच्या प्रौढ देहात शिरली, असे म्हणता येते. बोलीचे सातत्य त्यामुळे टिकते, पण त्यातूनच एक विसंगती उद्भवते. पहिल्या भागात ही बोली एका मुलाच्या सामाजिक असहायतेची खूण होती. आता दगडूने पैसा मिळविला आहे, आणि तीच बोली श्रीमंत माणसाची लकब होऊन बसते. जे वाक्य पूर्वी बचाव होते ते आता टाळ्यांसाठीचे वाक्य बनते.

अधिक गंभीर बाब अशी की द्विकेंद्री रचनेतील अंतर पैशाने भरून काढले जाते. वर्ग, जात आणि भाषा या तिन्ही अंगांनी उभा केलेला विरोध आर्थिक यशाने वर्गापुरता मिटतो. जातीचा प्रश्न वडिलांच्या हट्टात आणि भाषेचा प्रश्न विनोदात विरघळविला जातो. लेले यांचा विरोध व्यवस्थेचा न राहता स्वभावाचा होतो, आणि स्वभाव बदलणे हा विनोदी नाटकाचा जुना, सुखान्त उपाय आहे. येथे गाण्यांना काम उरत नाही. ती असतात, नाचही असतो. पण जे अंतर गद्याने मिटू शकत नव्हते ते बँकेतील ठेवीने मिटले असेल तर गाणे केवळ सजावट ठरते.

‘टाइमपास ३’चा मार्ग निराळा आहे. हा भाग पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधल्या काळात घडतो. मराठी पाठचिकित्सेला परिचित असलेली ‘प्रक्षेप’ ही संज्ञा त्याला चपखल बसते : मूळ संहितेत मागाहून घुसविलेला, आपणही मूळचाच असल्याचा दावा करणारा अंश. येथे प्रथमेश परब दगडू म्हणून परततो. हृता दुर्गुळे हिची पालवी ही नवी नायिका येते आणि तिच्या वडिलांच्या भूमिकेत संजय नार्वेकर आहेत. संगीत अमितराज यांचे. ‘वन्स मोअर’ला दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटू शकते, कारण जुना चेहरा खरोखरच परत आणला गेला. परंतु २०१४ आणि २०२२ यांच्या दरम्यान आठ वर्षे गेली आहेत आणि चेहऱ्याने ती लपविलेली नाहीत. दुसऱ्या भागाने काळ मान्य करून नट बदलला. तिसऱ्याने नट राखून काळ नाकारला. दोन्ही वेळा पहिल्या भागात एकत्र असलेल्या गोष्टींपैकी एक निसटते.

प्रक्षेपाची दुसरी अडचण कथनशास्त्रीय आहे. दगडूला शेवटी प्राजक्ताकडेच जावयाचे आहे हे प्रेक्षकाला दुसऱ्या भागामुळे आधीच माहीत असते. म्हणून पालवीचे प्रेम आरंभापासून तात्पुरते ठरते. एका मुलीचे किशोरवय दुसऱ्या मुलीकडे जाणाऱ्या वाटेवरील थांबा म्हणून वापरले जाते. पहिल्या भागात दोन केंद्रे होती. येथे एकच उरते आणि मुली त्याच्याभोवती फिरतात.

५

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की वाढत्या वयाची मालिकारूप कथा मुळात अशक्य आहे असे यातून सूचित होते. वस्तुस्थिती तशी नाही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीत (१९५५, १९५६, १९५९) नायकाच्या भूमिकेतील नट वयानुसार बदलत जातात आणि त्यामुळे कोणाचाही रसभंग होत नाही. मराठी कादंबरीत भालचंद्र नेमाडे यांचे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ हे चतुष्टय (१९७५ ते १९७९) चांगदेव पाटीलच्या आयुष्याचा पाठपुरावा करते. या कृतींचा आशयच काळाने होणारी झीज, स्थलांतर आणि विरस हा आहे. म्हणून त्यांच्यात पुढचा भाग आधीच्या भागाला खोटे पाडत नाही, तो त्याला गडद करतो. सातत्य कथनाच्या दृष्टीत असते, चेहऱ्यात असण्याची गरज पडत नाही. तेव्हा दोष उत्तरभाग या कल्पनेचा नसून गाण्याच्या काळावर कथेचा काळ लादण्याचा आहे.

किशोरप्रेमाच्या संगीतपटाला ‘पुढे काय?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयाचा झाल्यास काय करावे लागते, याचे उत्तर नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) दिले. या चित्रपटाला उत्तरभाग नाही, कारण तो त्याच्या पोटातच आहे. अजय-अतुल यांची चारही गाणी पूर्वार्धात येऊन जातात. करमाळा परिसरातील विहिरी, उसाची शेते, केळीच्या बागा आणि वाढदिवसाचा नाच या सर्वांतून डायर यांना अभिप्रेत असलेली ती अनुभूती प्रेक्षकाला पुरेपूर मिळते. मग आर्ची आणि परशा पळून हैदराबादला जातात आणि गाणी थांबतात. भाडे, कष्ट, झोपडपट्टी, संशय, नोकरी, मूल अशी व्यवस्थेची सारी गद्य यादी उत्तरार्धात हजर होते. अखेरच्या दृश्यात आवाजही काढून घेतला जातो. गाण्याने भरलेला चित्रपट निःशब्दतेत संपतो, तेव्हा प्रेक्षकाला पूर्वार्धातील संगीताची खरी किंमत कळते.

‘सैराट’च्या यशाला व्यवसायाने दिलेला प्रतिसादही सूचक आहे. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी अशा भाषांत त्याची पुनर्निर्मिती झाली. हिंदी ‘धडक’ने (२०१८) गाणी आणि अखेरची हत्या दोन्ही राखली, मात्र जातीचे नेमके स्थान पुसट केले. त्यानंतर ‘धडक २’ (२०२५) आला तो ‘धडक’ची कथा पुढे नेण्यासाठी नव्हे. तो मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावर आधारलेला आहे. म्हणजे ‘२’ हा अंक येथे कथेचा अनुक्रम दर्शवीत नाही. तो एका यशस्वी नावाची मालकी दर्शवितो. उत्तरभाग ही संकल्पना अशा रीतीने कथनशास्त्रातून व्यापारचिन्हांच्या क्षेत्रात गेली आहे. तरीही या हिंदी उदाहरणात एक उपरोधिक न्याय आहे : हत्येत संपलेल्या प्रेमाची कथा पुढे नेता येत नाही, एवढे तरी त्याने मान्य केले.

६

येथवरची चर्चा रूपबंधाची झाली. ती ज्या प्रेक्षकापर्यंत जाऊन पोहोचते त्याचे स्थान लक्षात घेतल्यावाचून ती पुरी होत नाही. युसूफ वडगावसारख्या मराठवाड्यातील गावात मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पहिल्या आठवड्यात पाहिला जातो असे मानता येत नाही. तो दूरचित्रवाणीवरून, मोबाईलवरून, तुकड्यातुकड्यांनी पोहोचतो. चित्रपटाच्या आधी आणि चित्रपटाच्या नंतरही पोहोचते ते गाणे. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते वाजते. गॅदरिंगमध्ये नववी-दहावीची मुले-मुली एखाद्या चित्रपटगीतावर नाच बसवितात तेव्हा संगीत नाटकातील ‘प्रयोग’ नव्या रूपात अवतरतो. गाणे तेच, देह नवे. चित्रपटाची फीत जे देऊ शकत नाही ते गाव स्वतः घडवून घेते. या अर्थाने किशोरसंगीतपटाचा खरा उत्तरभाग शाळेच्या पटांगणावर होतो आणि तो निराश करीत नाही.

परंतु या पटांगणामागे एक कठोर वस्तुस्थिती आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मजुरीचे एककच विवाहित जोडपे असल्यामुळे, आणि सहा-सहा महिने घर सोडताना वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे ही चिंता असल्यामुळे, मुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. म्हणजे बालपण आणि संसार यांच्या मध्ये जो काळ संगीतपट गृहीत धरतो, तो हिशेब नसलेला, शिट्ट्यांचा आणि चिठ्ठ्यांचा काळ, अनेक मुलींच्या वाट्याला येतच नाही.

मराठी संगीत रंगभूमीला हा प्रश्न अपरिचित नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) हे एका अल्पवयीन मुलीचे म्हाताऱ्याशी ठरविलेले लग्न मोडण्याचे नाटक आहे. किशोरवयीन मुलीच्या तोंडी गाणे देणे म्हणजे तिला स्वतःचे म्हणणे आणि स्वतःचे वय देणे, हे देवलांनी ओळखले होते. शारदा गाते तेव्हा ती वस्तू राहत नाही. ‘टाइमपास’मधील प्राजक्ता स्वतःच्या आवाजात गाते तेव्हा, किंवा ‘सैराट’मधील आर्ची बुलेट चालविते तेव्हा, ही जुनी मागणीच नव्या साधनांनी उभी राहते. या चित्रपटांतील गाण्यांना केवळ रंजन म्हणून बाजूला सारणारी समीक्षा ही बाब नजरेआड करते. ज्या मुलीला ते वय मिळण्याची खात्री नाही तिच्यासाठी चार मिनिटांचे गाणे हा त्या वयावरचा हक्क असतो.

या स्थानावरून पाहिले की ‘टाइमपास’च्या उत्तरभागांची निराशा अधिक अचूकपणे सांगता येते. दुसरा भाग असे सुचवितो की मुलगा श्रीमंत होईपर्यंत मुलीचे आयुष्य थांबून राहू शकते आणि मग तो तिला शोधून काढील. ज्या समाजात मुलीचे लग्न काही महिनेही थांबत नाही तेथे हे आश्वासन मुलीच्या अनुभवाशी कोठेच जुळत नाही. तिसरा भाग असे सुचवितो की मुलाला किशोरवय पुन्हा एकदा, दुसऱ्या मुलीसह मिळू शकते. दोन्ही भागांत काळाची उधारी मुलाला मिळते आणि तिचे व्याज मुलगी भरते. पहिल्या भागाने दोघांना सारखाच वेळ दिला होता आणि दोघांकडून तो सारखाच काढून घेतला होता. त्याच्या अखेरीच्या दुःखात जी समता होती ती उत्तरभागांच्या आनंदात नाही.

७

यावरून किशोरप्रेमाच्या संगीतपटाला उत्तरभाग कधीच असू नये असा दंडक घालण्याचे कारण नाही. एक शक्यता मराठी चित्रपटाने अद्याप आजमावलेली दिसत नाही : तीच कथा दुसऱ्या केंद्रावरून पुन्हा सांगणे. काळ पुढे नेण्याऐवजी तोच काळ प्राजक्ताच्या बाजूने मांडला तर पुनरावृत्ती आणि नावीन्य या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होऊ शकतील. दगडूला जो वेळ टाइमपास वाटत होता तो तिच्या घरात कोणत्या किमतीला मिळत होता, गाण्याआधी आणि गाण्यानंतर तिला कोणाला काय उत्तर द्यावे लागत होते, हे त्यात दिसेल. तसा चित्रपट अर्थाने पुढचा असेल आणि काळाने तोच राहील. ‘वन्स मोअर’ची ती सर्वांत सार्थ पूर्तता ठरेल.

तोवर समीक्षेपुढील काम मर्यादित पण आवश्यक आहे. उत्तरभागांची गुणवत्ता पहिल्या भागाशी ताडून पाहणे पुरेसे नाही. प्रेक्षकाने नेमके काय मागितले होते आणि त्याच्या मागणीचे कोणते भाषांतर करून त्याला उत्तर दिले गेले, हे तपासले पाहिजे. ‘पुन्हा’ या शब्दाचा अर्थ व्यवसायाने ‘आणखी’ असा केला. आणखी कथा, आणखी पैसा, आणखी एक नायिका त्यातून मिळाली. ज्या गावांत मुलींच्या वाट्याला ते वय एकदाही पुरते येत नाही तेथून येणारी ‘पुन्हा’ची हाक आणखी कथेसाठी नाही, तेवढ्याच वेळासाठी आहे.